पहिला कॅमेरा घेताना: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

चाळीस हजार रुपयांत फोटोग्राफी नीट शिकता येईल एवढं सामान येतं. त्यासाठी खरेदीचा नेहमीचा क्रम मात्र उलटा करावा लागतो. दुकानात आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दाखवतात, तिच्यासोबत किट लेन्स येते, वर बॅग आणि ट्रायपॉड ‘फ्री’ मिळतो आणि बजेट तिथेच संपतं. चार महिन्यांनी लक्षात येतं, की रात्री घरात काढलेले फोटो मोबाइलच्या फोटोंपेक्षा बरे नाहीत. बॉडी चांगलीच असते. तिच्यापुढे लावलेली लेन्स पुरेसा उजेड आत घेत नाही, एवढंच.

म्हणून आधी विषय, मग लेन्स, मग माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

१. काय टिपायचं ते ठरवा, आणि मोबाइलवर मोजून पाहा

‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही. गेल्या वर्षभरातले मोबाइलमधले आवडते शंभर फोटो काढा आणि त्यांत काय जास्त आहे ते मोजा. घरातलं मूल आणि सणवार? गडकिल्ले? पक्षी? फुलं-किडे?

त्यानंतर फुकटात होणारी एक चाचणी करा. लेन्सवरचा मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ: तो जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने २३ ते २६ मिमीचा असतो. आपल्या बजेटमधल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी असतो. त्यामुळे लेन्सवरच्या आकड्याला निकॉन आणि सोनीवर १.५ ने, तर कॅनॉनवर १.६ ने गुणायचं. म्हणजे १८ मिमी साधारण मोबाइलसारखं दिसेल, मोबाइलवरचं २ एक्स म्हणजे ३५ मिमी आणि ३ एक्स म्हणजे जवळपास ५० मिमी. आठवडाभर फक्त २ एक्सवर फोटो काढा, पुढचा आठवडा फक्त ३ एक्सवर. कुठे गुदमरायला होतं आणि कुठे हवं तसं जमतं, ते कळेल. ‘३५ घेऊ की ५०’ हा प्रश्न कुणाला विचारायची गरज राहणार नाही.

२. पैशांची वाटणी आधीच करा

भाव सतत बदलतात, त्यामुळे रकमेपेक्षा प्रमाण लक्षात ठेवा. बजेटचा निम्मा भाग बॉडी आणि किट लेन्सला, एक तृतीयांश दुसऱ्या लेन्सला, उरलेलं कार्ड, बॅटरी आणि साठवणीला. चाळीस हजारांत हे झाले साधारण २०, १३ आणि ७ हजार. या हिशेबात बॉडी जुनीच घ्यावी लागते, आणि तेच शहाणपणाचं आहे. बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते. चांगली लेन्स मात्र पाच वर्षांनी विकली तरी बरेचसे पैसे परत देते.

३. लेन्स

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

किट लेन्स, म्हणजे १८-५५ मिमी एफ ३.५-५.६, वाईट नसते. ‘एफ’पुढचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा: आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. दिवसाउजेडी राजगडाच्या माचीवरून काढलेला फोटो एफ ८ ला तिच्यातून स्वच्छ येतो. ती अडते उजेड कमी असताना. ५५ मिमीला तिचं सर्वांत मोठं अपर्चर एफ ५.६ असतं. एफ १.८ ची लेन्स त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत घेते. प्रत्यक्षात फरक असा पडतो: रात्री ट्यूबलाइटखाली आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० आणि एफ ५.६ ला शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) १/२० सेकंदाच्या आसपास येतं, म्हणजे पळणारं मूल हललेलं दिसणार. त्याच जागी एफ १.८ ला १/२०० मिळतं आणि मूल स्थिर होतं. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि उजेड मुद्दामच मंद ठेवलेला असतो; तिथेही हाच फरक पडतो.

त्यामुळे बहुतेकांची दुसरी लेन्स एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, असावी. आता कोणती?

५० मिमी सगळ्यांत स्वस्त असते, म्हणून सगळे तीच सुचवतात. घरातल्या फोटोंसाठी मात्र ती लांब पडते. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत उभ्या फ्रेममध्ये बसवायला एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीने तुम्हाला चार मीटर, म्हणजे तेरा-चौदा फूट मागे जावं लागतं. १० बाय १२ च्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. ३५ मिमीने तेच काम सुमारे नऊ-साडेनऊ फुटांवरून होतं. चेहऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर ५० मिमी; घर, सण आणि रस्ता टिपायचा असेल तर ३५ मिमी.

निकॉनवर एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी ही नवशिक्यासाठी जवळजवळ आदर्श लेन्स आहे: २०० ग्रॅम वजन, ५२ मिमीचा फिल्टर थ्रेड आणि ३० सेंमीपर्यंत जवळ फोकस. कॅनॉनवर ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम स्वस्त आणि उत्तम आहे. मात्र त्याच भावात कॅनॉनची ३५ मिमी मिळत नाही. खोलीत वापरायला ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ एसटीएम पाहा. १२५ ग्रॅमची ही चपटी लेन्स कॅमेऱ्यावर आहे की नाही तेही जाणवत नाही. सोनीवर सिग्मा ३० मिमी एफ १.४ जुनी मिळाली तर सोडू नका.

एफ १.८ घेतल्यावर सुरुवातीला सगळेच एक चूक करतात: प्रत्येक फोटो एफ १.८ लाच काढतात. ५० मिमीने दीड मीटरवरून चेहरा टिपला तर शार्प पट्टा जेमतेम ६ सेंमीचा असतो. डोळ्यावर फोकस केला की कान मऊ होतात, आणि शेजारी अर्धं पाऊल मागे उभं असलेलं माणूस पूर्ण धूसर. दोन माणसं असतील तर निदान एफ ४ ला या, आणि दोघांना एका रेषेत उभं करा.

पक्ष्यांसाठी वेगळा हिशेब लागतो. ३०० मिमी लेन्सने १५ मीटरवरचा २० सेंमीचा पक्षी फ्रेमच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा दिसतो. भिगवणला होडीतून रोहित टिपायला हे पुरतं, झाडातल्या शिंजिराला नाही. कॅनॉनवर ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. ७५-३०० च्या मोहात पडू नका. तिच्यावर आकडा मोठा आहे, पण स्टॅबिलायझेशन नाही आणि लांबच्या टोकाला चित्र मऊ येतं. निकॉनवर एएफ-पी डीएक्स ७०-३०० च्या दोन आवृत्त्या आहेत. नावात ‘व्हीआर’ असलेलीच घ्या, दुसरीत स्टॅबिलायझेशन नाही. स्टॅबिलायझेशनने हाताचा कंप कमी होतो, पक्ष्याची हालचाल थांबत नाही. त्यामुळे २५० मिमीला शटर १/४०० च्या खाली नेऊ नका.

कासच्या फुलांसाठी लगेच मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घ्यायची गरज नाही. ५० मिमीच्या मागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारी पोकळ नळी) लावली, की फूल सेन्सरवर मूळ आकाराच्या निम्म्याहून मोठं उमटतं. ट्यूबमध्ये विजेचे कॉन्टॅक्ट हवेत. सर्वांत स्वस्त ट्यूबमध्ये ते नसतात आणि मग कॅनॉनच्या लेन्सचं अपर्चर बदलताच येत नाही.

४. माउंट

पुढची प्रत्येक लेन्स बॉडीच्या माउंटवर बसली पाहिजे, म्हणून हा निर्णय बॉडीपेक्षा मोठा आहे.

कॅनॉन ईएफ १९८७ पासून आणि निकॉन एफ १९५९ पासून चालत आलेले, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे (एसएलआर, डीएसएलआर) माउंट आहेत. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, आरएफ आणि झेड हे नवे माउंट आणले, आणि आता त्यांचं सगळं लक्ष तिकडेच आहे. तरीही जुन्या माउंटच्या लेन्स घ्यायला हरकत नाही. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरने झेड बॉडीवर चालतात. जुन्या बाजारात या लेन्स भरपूर मिळतात, म्हणून स्वस्तही आहेत.

टाळायचे माउंट दोन: कॅनॉन ईएफ-एम (एम५०, एम२०० वगैरे) आणि सोनी ए (ए६००० चा नव्हे, त्याचा माउंट सोनी ई आहे). दोन्ही बंद झाले आहेत. एम५० जुनी आणि स्वस्त दिसली तरी तिच्या लेन्स आरएफ बॉडीवर अडॅप्टरनेही बसत नाहीत.

निकॉन घेणाऱ्यांनी दोन सापळे ओळखून ठेवावेत. पहिला: स्वस्तात मिळणारी एएफ ५० मिमी एफ १.८डी. या लेन्समध्ये मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींतही नाही. त्यामुळे त्यांच्यावर फोकस हातानेच करावा लागतो. डी७१००, डी७२०० किंवा डी९० वर ती व्यवस्थित चालते. नावात ‘एएफ-एस’ असेल तर ही काळजी नाही. दुसरा सापळा याच्या उलट: ‘एएफ-पी’ लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडींवर फोकसच होत नाहीत, हातानेसुद्धा नाही. विकणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही.

५. बॉडी

मेगापिक्सेल मोजत बसू नका. २४ मेगापिक्सेल कोणत्याही घरगुती प्रिंटला पुरून उरतात. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

फक्त फोटो काढायचे असतील तर निकॉन डी३५००. २०१८ ची ही बॉडी आता बनत नाही, पण जुन्या बाजारात मिळते. एका चार्जला कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो, बॅटरीसह वजन ४१५ ग्रॅम. तिच्यात बाहेरचा माइक लावायची सोय नाही. माइक आणि फिरणारा टचस्क्रीन हवा असेल तर डी५६००.

व्हिडिओही करायचा असेल तर कॅनॉन २००डी. तिचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस स्क्रीनवरून शूट करतानाही चेहरा धरून ठेवतो आणि तिला माइकचा जॅक आहे. याच कामाला निकॉनच्या या डीएसएलआर मंद पडतात.

कॅनॉन ३०००डी टाळा. तिच्यावर लेन्सचा माउंट प्लास्टिकचा आहे आणि व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून पाहायच्या खिडकीला) चष्म्याच्या नंबरासाठी डायॉप्टर नाही. तिच्यात, तसंच १५००डी आणि २००डी मार्क २ मध्ये, फ्लॅश बसवायच्या खाचेतली मधली पिन काढून टाकलेली आहे, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्यांच्यावर पेटत नाहीत. पुढे फ्लॅश शिकायचा असेल तर ही पिन आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच घ्या.

मिररलेसच हवा असेल तर या बजेटमध्ये जुना सोनी ए६००० बसतो. २०१४ चा असला तरी त्याचा फोकस आजही चपळ आहे. बॅटरी मात्र एका चार्जला तीन-साडेतीनशे फोटोंचीच, म्हणजे दुसरी बॅटरी हवीच. माइकचा जॅक यातही नाही. सोबत येणारी १६-५० मिमी पॉवर झूम लेन्स नाजूक असते. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स अडखळत उघडत असेल तर घेऊ नका.

६. जुना कॅमेरा तपासताना

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जा किंवा ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाकडून घ्या, तपासणी सारखीच. दिवसा भेटा आणि एक तास हाताशी ठेवा. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

सोबत न्यायचं सामान: छोटी टॉर्च, स्वतःचं एसडी कार्ड, पांढरा कागद, वर्तमानपत्र, हवेचा ब्लोअर, आणि जमल्यास लॅपटॉप व केबल.

आधी लेन्स. ती बॉडीवरून काढा, मागून टॉर्च धरा आणि पुढून आत पाहा. निकॉनच्या ‘जी’ लेन्सची अपर्चरची पाती ती काढल्यावर मिटलेली असतात, मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून ती उघडी धरा. कॅनॉनची आपोआप उघडी असतात. धुळीचे चार-सहा कण दिसले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे धागे दिसले तर ती बुरशी. ‘साफ करून देतो’ म्हणाले तरी नको. बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि तो परत येत नाही. पूर्ण काच दुधाळ दिसली तर तीही नको. पातींवर तेलाचा चकाकता डाग असेल तर ती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो उजळ येतात. शेवटी स्क्रूंची डोकी पाहा: झिजलेली असतील तर लेन्स उघडलेली आहे.

आता सेन्सर. अपर्चर एफ १६ करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या कागदाचा फोटो काढून झूम करून पाहा. मऊ गोल ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. टोकदार रेघ म्हणजे ओरखडा, तिथेच व्यवहार थांबवा. मग लेन्सला झाकण लावून आयएसओ १६०० ला एक फोटो घ्या. एक-दोन रंगीत ठिपके चालतील, झुंडी नको.

शटर: उजेडात आकाशाकडे धरून १/४००० आणि १/१००० ला दहा-दहा फोटो काढा. वर किंवा खाली काळी पट्टी आली किंवा उजेड फ्रेमभर एकसारखा नसेल, तर शटर थकलं आहे. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्येच नोंदलेला असतो. तुमच्या कार्डावर काढलेली फाइल वाचून पाहा. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो उपयोगाचा नाही, पाठवताना ही माहिती गळून जाते. कॅनॉनच्या फाइलमध्ये बहुधा तो नसतो, कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ९९९९ नंतर तो पुन्हा सुरुवातीपासून मोजतो. डी३५०० चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, तेव्हा वीस-तीस हजार असेल तर निर्धास्त घ्या.

फोकस: वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवून एका ओळीवर सर्वांत मोठ्या अपर्चरला फोकस करा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा स्क्रीनवरून. व्ह्यूफाइंडरवाला फोटो सतत पुढच्या किंवा मागच्या ओळीवर शार्प येत असेल तर बॉडी आणि लेन्सचा मेळ बसलेला नाही. स्वस्त बॉडींमध्ये ही दुरुस्ती मेनूतून करता येत नाही.

कॅनॉनवर ‘एरर ०१’ आला तर लेन्सचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बघा. तरीही आला तर बहुधा लेन्सच बिघडली आहे.

उरलं ते पटापट: प्रत्येक बटण आणि डायल, फ्लॅश, कार्डाची खाच, बॅटरीचं झाकण. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे.

७. कागदपत्रं

- मूळ बिल, शक्यतो जीएसटीसह. त्यावरचा सीरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा, खोक्यावरचाही.
- वॉरंटी उरली असेल तर वॉरंटी कार्ड.
- विकणाऱ्याने सही केलेली पावती: तारीख, रक्कम, बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर.
- पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते.

बिल हरवलं असेल आणि पावतीवर सही करायलाही माणूस तयार नसेल, तर भाव कितीही चांगला असो, वस्तू चोरीची असू शकते.

नवी वस्तू घेताना एखादा दुकानदार ‘बिलाशिवाय’ बराच कमी भाव सांगेल. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा फरक मोठा दिसतो. पण अशी वस्तू बहुधा ग्रे मार्केटची, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेली, असते, आणि कंपनीचं इथलं सेवा केंद्र तिची वॉरंटी मानत नाही.

८. बाकीचं सामान

कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० लिहिलेलं, ओळखीच्या दुकानातून घ्या आणि एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइल उघडतात का ते पाहा. नकली कार्ड निम्म्यावर फाइल गिळतात. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल २० ते ३० एमबीची असते, म्हणजे दोन ते तीन हजार रॉ फोटो मावतात. सोबत एक जादा बॅटरी, ब्लोअर आणि लेन्सचं हूड (पुढे बसणारी आडोशाची कड).

स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नका. दिवे समोर असताना तो खोट्या प्रतिमा उमटवतो. लेन्सचं रक्षण हूड जास्त चांगलं करतं. फुकटातला हलका ट्रायपॉड वाऱ्यात हलतो, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. तो पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.

९. पहिला पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर हे काम खरेदीच्या दिवशीच करा. बुरशीला ओल आणि अंधार लागतो. कपाटात ठेवलेल्या कॅमेरा बॅगेत दोन्ही असतं. त्यातही चामड्याची पिशवी ओल धरून ठेवते.

रबराची कड असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर, एवढं पुरतं. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली दीर्घकाळ नको, रबर आणि वंगण कोरडं पडतं. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ते ओल पिऊन हिरवं होतं. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, जे विषारी आहे. घरात, मुलांच्या हाताशी ते नकोच. हिरवे झालेले मणी ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दीड तास ठेवले, की पुन्हा नारिंगी होतात. त्यासाठी स्वयंपाकाचं नसलेलं वेगळं भांडं ठेवा.

एसीतून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर दव धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर थांबा. वापर नसला तरी पावसाळ्यात दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून उजेडात दहा-वीस फोटो काढा. आणि हायग्रोमीटर ६० च्या वर गेला, तर त्याच दिवशी मणी बदला.